संदर्भसूची : उपचार की उत्तरदायित्व?

सत्रअखेर जवळ आली की महाविद्यालयांच्या आसपासच्या संगणक-टंकलेखनाच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांत प्रकल्प-अहवालांची एकच झुंबड उडते. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, पाच प्रकरणे, निष्कर्ष आणि शिफारशी असा सारा सरंजाम जुळून आला की शेवटचे पान तेवढे उरते. ते पान संदर्भसूचीचे. बहुधा ते रात्री उशिरा, थकलेल्या मनाने आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या अहवालावरून उतरवले जाते. मार्गदर्शक प्राध्यापक ते उलटतात, स्वल्पविरामाच्या दोन-तीन चुका लाल शाईने दाखवतात आणि स्वाक्षरी करतात. सूचीतील एखादे तरी पुस्तक विद्यार्थ्याने प्रत्यक्ष हाताळले होते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वर्षानुवर्षे चालत आलेला हा परिपाठ वरवर निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

या गोष्टीचा विचार आताच करण्याचे एक कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि त्यासाठीच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक दिलेले आहेत. पूर्वी जे काम मुख्यतः एम. फिल. आणि पीएच. डी. करणाऱ्यांपुरते मर्यादित होते, ते आता विशी-एकविशीतील मुलामुलींच्या हाती येत आहे. तालुक्याच्या गावी शिकणारा, घरात पुस्तकांचे कपाट नसलेला विद्यार्थीही त्यांत आहे. त्याला संशोधनाची पहिली ओळख जर नकलून काढलेल्या यादीने होणार असेल, तर संशोधन म्हणजे एक प्रकारची कागदपत्रांची पूर्तता, हाच धडा तो आयुष्यभरासाठी घेऊन जाईल.

कचेरीतील ‘संदर्भ’

संदर्भ देण्याची रीत ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली काही परकी वस्तू आहे, असा एक समज आहे. मल्लिनाथासारख्या टीकाकाराने कालिदासाच्या काव्यांवर लिहिताना आधारावाचून काही न लिहिण्याची हमी वाचकाला दिलीच होती. परंतु तितके मागे जाण्याचेही कारण नाही. कोणत्याही सरकारी कचेरीतील लिपिकाला हे तत्त्व रोजच्या कामातून ठाऊक असते. पत्राच्या माथ्यावर ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’ असतो. संदर्भात पत्राचा जावक क्रमांक व दिनांक असतो. ‘आपण मागे काही कळवले होते’ एवढ्यावर कोणतीही नस्ती पुढे सरकत नाही. सात-बारा उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. जमीन या नावावर कशी आली, वारसाने की खरेदीने, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तो क्रमांक घेऊन फेरफार नोंदवहीकडे जावे, अशी ती व्यवस्था आहे. क्रमांक चुकला तर शेतकऱ्याला वर्षानुवर्षे तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

संदर्भसूचीचे कार्य नेमके हेच आहे. लेखकाने एखादे विधान केले. ते त्याला कोठे मिळाले, हे वाचकाला स्वतः जाऊन पाहता यावे यासाठी दिलेला तो पत्ता आहे. लेखकाचे नाव, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, नियतकालिक असल्यास खंड व अंक, आणि पृष्ठ क्रमांक हे त्या पत्त्याचे भाग आहेत. घर क्रमांकावाचून पत्र पोहोचत नाही, तसे पृष्ठ क्रमांकावाचून चारशे पानांच्या ग्रंथातील विधान सापडत नाही. ‘संदर्भ : गूगल’ असे जे अनेक अहवालांत आढळते, ते तर पत्र कोणी पाठवले असे विचारल्यावर पोस्टमनचे नाव सांगण्यासारखे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या पत्त्याचे महत्त्व एका उदाहरणावरून पटावे. २०१३-१४ या वर्षी भारताच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनात किती वाढ झाली? जुन्या मालिकेप्रमाणे ४.७ टक्के, जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष आणि मोजणीची पद्धत बदलल्यावर ६.९ टक्के. देश तोच आणि वर्षही तेच, पण दोन उत्तरे. दोन्ही सरकारी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ज्या अहवालात नुसते ‘सरकारी आकडेवारीनुसार’ असे लिहिले आहे, तो वाचणाऱ्याला यांतील कोणता आकडा कोणत्या अर्थाने घ्यावा, हे कळण्याचा मार्गच नाही. प्रकाशनाचे वर्ष आणि तक्त्याचा क्रमांक या दोन बारीक गोष्टी येथे निष्कर्षाचा अर्थ ठरवतात.

दुर्बलांचे शस्त्र

संदर्भाचा खरा उपयोग कोणाला अधिक होतो? ज्याच्या शब्दाला आधीच वजन आहे त्याला तो कमी होतो. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याला सर्वांत अधिक. या दृष्टीने दादाभाई नौरोजींचे उदाहरण मननीय आहे. १८७६ मध्ये वाचलेल्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न फार तर वीस रुपये असल्याचा हिशेब मांडला. पारतंत्र्यातील देशाच्या एका प्रजाजनाने राज्यकर्त्यांना ‘तुमच्या राज्यात लोक दरिद्री आहेत’ असे सांगावयाचे, तर ते राज्यकर्त्यांनी का ऐकावे? दादाभाईंनी भावनेवर भिस्त ठेवली नाही. प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल, पिकांखालील क्षेत्र, उतारा, बाजारभाव यांवरून त्यांनी आपली बेरीज उभी केली आणि ती कोठून आली हे मांडून दाखवले. आकडे खोटे म्हणावेत तर सरकारला आपलेच अहवाल खोटे म्हणावे लागत होते. पुढे १९०१ साली ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात हे सारे लेखन एकत्र झाले. त्या हिशेबातील तपशिलांवर पुढे अभ्यासकांनी वादही घातले; पण वाद घालता आला, तोही आधार उघड होते म्हणूनच.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि थेट विद्यार्थ्याचे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा दर कोसळतो, असा त्याचा आशय होता, आणि युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांनी तो उचलून धरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील अभ्यासाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधाची गणिते पुन्हा करून पाहावयाची होती. त्याने हा निबंध निवडला. उत्तर जुळेना, म्हणून त्याने लेखकांकडून मूळ तक्ता मागवला. त्यात सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळली गेली होती आणि देशांना भार देण्याची पद्धतही वादग्रस्त होती. हर्नडनने आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ मध्ये दुरुस्त हिशेब प्रसिद्ध केला. मूळ निबंधात उणे ०.१ टक्का असलेली सरासरी वाढ २.२ टक्के निघाली. कर्ज वाढते तेव्हा वाढ मंदावते, हे आपले म्हणणे मूळ लेखकांनी सोडले नाही. पण तक्त्यातील चूक त्यांना मान्य करावी लागली. एका विद्यार्थ्याला हे साधले, ते मुळापर्यंत जाण्याची वाट खुली होती म्हणून. संदर्भ नीट देणे म्हणजे आपल्यामागून येणाऱ्याला ही वाट खुली ठेवणे होय.

सुबक, पण पोकळ

आता आपल्याकडील शिकवणुकीकडे वळू. संशोधन-पद्धतीच्या तासाला ‘एपीए’, ‘एमएलए’, ‘शिकागो’ अशी नावे फळ्यावर येतात. कोठे कंस, कोठे पूर्णविराम, कोठे तिरका ठसा, हे विद्यार्थी पाठ करतात. ही नियमावली अपौरुषेय असल्यासारखी शिकवली जाते. वास्तविक अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आजची जाडजूड नियमावली १९२९ मध्ये नियतकालिकातील सात पानांचा एक लेख म्हणून जन्मली. संपादकांचे आणि छापणाऱ्यांचे काम सुकर व्हावे एवढाच तिचा हेतू होता. २०१९ अखेर निघालेल्या सातव्या आवृत्तीत तिने ग्रंथाच्या प्रकाशनस्थळाचा उल्लेख काढून टाकला. म्हणजे २०१८ मध्ये जे न लिहिल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण कापले जात, ते लिहिल्याबद्दल पुढे कापले जाऊ शकतात. नियम असू नयेत असा याचा अर्थ नव्हे. एका अहवालात एकच पद्धत असावी, हे वाचकाच्या सोयीसाठी आवश्यकच आहे. परंतु नियम कशासाठी आहेत हे न सांगता नियमच शिकवले, तर काय होते हे पाहण्यासारखे आहे.

एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी तयार केलेल्या नमुना-पत्रकात सूची कशी मांडावी हे दाखवण्यासाठी ‘शास्त्रीय लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक काल्पनिक निबंध, काल्पनिक लेखकांसह, २००० या वर्षाखाली दिलेला होता. असा निबंध कोणी लिहिलाच नव्हता. तरीही शेकडो प्रसिद्ध लेखांच्या सूचीत तो अवतरला! नमुन्यातील ओळ पुसायची राहिली, किंवा ती खरीच आहे असे समजून घेतली गेली. मांडणीच्या दृष्टीने ती नोंद निर्दोष होती. फक्त त्या पत्त्यावर घर नव्हते.

मक्षिकास्थाने मक्षिका हा प्रकार किती व्यापक आहे, याचा एक हिशेबही उपलब्ध आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन अभ्यासकांनी पदार्थविज्ञानातील १९७३ च्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांत १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ वा वर्ष चुकीचे छापलेले होते. मात्र चुकांचे वेगवेगळे प्रकार केवळ ४५ होते, आणि एकच विशिष्ट चूक तर ७८ वेळा आली होती. अठ्ठ्याहत्तर जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होणे शक्य नाही. एकाची दुसऱ्याने उतरवली हे उघड आहे. यावरून त्यांनी २००३ मध्ये असा अंदाज मांडला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ निबंध वाचणारे जेमतेम २० टक्के असावेत. हा अंदाज विद्यार्थ्यांविषयी नव्हे, तर मान्यवर संशोधकांविषयी आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मग बी. ए.च्या मुलांना एकट्यांना दोषी कसे धरावे?

यात आता नवी भर पडली आहे ती संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणालींची. प्रश्न विचारताच त्या दहा संदर्भांची सुरेख यादी करून देतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण तो लेख मात्र कोठेच नाही, असा अनुभव वारंवार येतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी अशा प्रणालीने रचलेले सहा निवाडे आधार म्हणून दिले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, हे उघडकीस आल्यावर न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलर दंड ठोठावला. तेथे निदान प्रतिपक्षाचा वकील निवाडे शोधायला गेला. प्रकल्प-अहवालाला प्रतिपक्ष नसतो. तेथे शोधायला जाणारा एकच, आणि तो म्हणजे परीक्षक.

परीक्षकाचे काम आता यंत्र करते, असे कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक नियमांनुसार लेखनातील साम्य टक्क्यांत मोजले जाते. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. हे नियम हवेतच. परंतु ही मोजणी करताना संदर्भसूचीचा भाग वगळला जातो, आणि ते योग्यही आहे. कारण एकाच ग्रंथाची नोंद सर्वत्र सारखीच असणार. परिणाम असा की, जे पान यंत्र पाहत नाही ते माणूसही पाहत नाही. यंत्र साम्य शोधते. सत्य शोधणे त्याच्याकडे सोपवलेले नाही. संपूर्ण बनावट सूची जोडलेला अहवाल शून्य टक्के साम्य दाखवून सहीसलामत बाहेर पडू शकतो.

मराठीत लिहिणाऱ्यांची कोंडी

मराठी माध्यमातून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणखी काही अडचणी आहेत, आणि त्यांची दखल परदेशी नियमावलीत असणे शक्य नाही. आडनाव आधी लिहावे हे ठीक. पण कुसुमाग्रजांचे काय? ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, व्यक्ती एक आणि सूचीतील जागा दोन. अशा वेळी ग्रंथावर जे नाव छापले आहे तेच द्यावे आणि दुसऱ्या नावाकडे ‘पाहा’ असा निर्देश करावा, हा साधा उपाय आहे. लोकमान्य, महात्मा, डॉक्टर, प्राध्यापक या उपाधी सूचीत येऊ नयेत. ‘टिळक, बाळ गंगाधर’ असे लिहिण्यात अनादर नाही. नाव शोधणे सोपे व्हावे एवढाच हेतू आहे. जुन्या ग्रंथांवर शके असते. शकाच्या आकड्यात बहुधा ७८ मिळवून इसवी सन येतो. पण वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत तो ७९ मिळवून येतो. म्हणून ग्रंथावरील शक तसाच ठेवून सन कंसात देणे इष्ट.

वर्णानुक्रमाचा घोटाळा तर नित्याचा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. संगणकाच्या संकेतक्रमात ‘ळ’ ची जागा ‘ल’ च्या लगेच पुढे आहे, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ मध्ये जाऊन बसतात. त्यामुळे बटण दाबून लावलेला क्रम शाळेत शिकलेल्या क्रमाशी जुळत नाही, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपलेच काही चुकले. इंग्रजी ग्रंथांची नावे भाषांतरित करून द्यावीत की लिप्यंतर करून, याचेही उत्तर प्रत्येक विभागात वेगळे मिळते. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा सुप्रसिद्ध अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ च्या दोन अंकांत ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या शीर्षकाने आला. विद्यार्थी त्याचा उल्लेख ‘भारतातील गरिबी’ असा करतो, आणि त्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ग्रंथाची नोंद नेमकी, पूर्ण आणि सापडण्याजोगी कशी असावी, याचा एवढा मोठा वस्तुपाठ मराठीत असताना आपल्या विद्यापीठांनी मराठी संदर्भसूचीची सुटसुटीत, सर्वमान्य पद्धत रुजवू नये, ही गोष्ट भूषणावह नाही.

थोडे, पण पाहिलेले

मग करावे काय? प्रथम, संख्येचा हव्यास सोडावा. ‘किमान तीस संदर्भ हवेत’ असा फतवा निघाला की वीस बनावट होणार, हे गणित अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तरी कळावे. निकष ज्या गोष्टीला लावाल ती वाढते, मग ती खरी असो वा नसो. त्यापेक्षा आठच संदर्भ असावेत, पण प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असावा. दुसरे, सूची शेवटी तयार करण्याची वस्तू नाही. पुस्तक हातात असतानाच वहीत वा पत्त्यावर लेखक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठ टिपून घेण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावली, तर अखेरच्या रात्रीची धावपळ आपोआप टळेल. तिसरे, मूळ ग्रंथ मिळाला नाही तर तसे मोकळेपणाने लिहू द्यावे. दादाभाईंचे मत एखाद्या पाठ्यपुस्तकातून घेतले असेल तर ‘नौरोजी, अमुक पुस्तकात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. आज असे लिहिणाऱ्याचे गुण जातात आणि न वाचलेला मूळ ग्रंथ वाचल्यासारखा लिहिणाऱ्याला मिळतात. प्रामाणिकपणावर हा एक प्रकारे करच आहे.

चौथी गोष्ट शिक्षकांची. तोंडी परीक्षेत परीक्षकाने सूचीतील कोणत्याही दोन नोंदींवर बोट ठेवावे आणि ‘हे कोठे पाहिले, यातून काय घेतले’ एवढेच विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे. हा प्रश्न विचारला जातो अशी एकदा वदंता पसरली, की पुढच्या वर्षीच्या सूच्या आपोआप लहान आणि खऱ्या होतील. अर्थात यासाठी मार्गदर्शकाकडे मोजके विद्यार्थी हवेत. एकेका शिक्षकावर डझनावारी अहवाल लादून कसून तपासणीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय ग्रंथालय संध्याकाळी उघडे हवे, आणि तेथे पदावर नेमलेला ग्रंथपाल हवा. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्राचा एक नियम रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितला. पण वाचकाला ग्रंथालयाचे दार उघडे मिळाले, तर पुढची गोष्ट.

या सर्वांत पैशाचा भाग थोडा आणि इच्छेचा अधिक आहे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, जनगणनेचे तक्ते, ‘शोधगंगा’ वरील प्रबंध हे आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. दादाभाईंना जे अहवाल मिळवण्यासाठी खटपट करावी लागली असेल, त्यांच्या तोडीचे साहित्य आज खेड्यातील मुलीच्या हातातील फोनवर उतरू शकते. उणीव आहे ती, ‘हे तुला कोठे मिळाले?’ असे तिला आस्थेने विचारणाऱ्याची.

आजच्या वर्गातील मुले उद्या शिक्षक, लिपिक, पत्रकार, ग्रामपंचायतीचे सदस्य होणार आहेत. निवडणुकीच्या सभेत फेकलेला आकडा, फोनवर फिरत आलेला मजकूर आणि दुकानदाराने दाखवलेली जाहिरात यांना ‘आधार काय?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर संदर्भसूची शिकवण्याचे श्रम कारणी लागले असे म्हणता येईल. ती सवय लागली नाही, तर स्वल्पविराम कितीही अचूक पडले तरी त्यांचा उपयोग नाही.